सलोखा आणि बरकत : यहुदी परंपरेतला चरितार्थाचा विचार

टायग्रिसच्या काठी, सासानी साम्राज्याच्या राजधानीला लागून, माहोझा नावाचे एक गजबजलेले व्यापारी शहर होते. इसवी सनाच्या चौथ्या शतकात तिथे रावा नावाचे रब्बी शिकवत असत. घरच्या बाईचा मान राखा म्हणजे घरात पैसा येईल, असे त्यांनी माहोझाच्या पुरुषांना सांगितल्याची नोंद ताल्मुद या रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात आहे. घरातला सलोखा आणि चरितार्थ यांची सांगड घालायची म्हटली की सर्वांत आधी हेच वचन पुढे येते. लग्नसमारंभात ते सांगतात, प्रवचनात सांगतात, आणि अलीकडे श्रीमंतीचे उपाय शिकवणाऱ्या पुस्तिकांतही ते हमखास भेटते.

उपाय म्हणून वाचले की त्यातला जीव जातो. ते ज्या पानावर आले आहे ते पान, म्हणजे बावा मेत्सिया या भागाचे एकोणसाठावे, सबंध वाचायला हवे. प्रकरण आहे खरेदीविक्रीतल्या नाडणुकीचे. रास्त भावापेक्षा एक षष्ठांश जास्त घेतले असेल तर ती रक्कम परत करावी लागते, असा तिथला हिशेब. मग मिश्ना, म्हणजे ताल्मुदातली चर्चा जिच्यावर उभी आहे ती संहिता, पुढे जाते : माणसाला पैशाने नाडता येते तसे शब्दानेही नाडता येते. काही घ्यायचेच नसेल तर दुकानदाराला उगाच भाव विचारू नये. शब्दाने कुणाला दुखवू नये याचा विचार करता करता चर्चा बाजारातून घरात येते, नवराबायकोपर्यंत पोचते, आणि तिथे रावांचे वचन येते. जवळच राव येहुदा या दुसऱ्या रब्बींचे म्हणणे आहे. घरात धान्य कमी पडू देऊ नका, कारण घरातली भांडणे धान्यापायी होतात. राव पापा त्याला लोकांच्या तोंडची एक म्हण जोडतात, मडक्यातले जव संपले की भांडण दारात येऊन उभे राहते अशा अर्थाची. हे राव पापा खजुराची दारू गाळण्याच्या धंद्यातून सधन झालेले होते. रिकाम्या मडक्याबद्दल ते बोलतात तेव्हा धान्याचा भाव ठाऊक असलेला माणूस बोलत असतो.

म्हणजे एकाच पानावर दोन्ही दिशा आहेत. रावांच्या मते सलोख्यातून पैसा येतो, राव पापांच्या मते धान्य सरले की सलोखा सरतो. पान उलटले की तिसरी गोष्ट येते. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बींमध्ये वाद होतो, बहुमताने निर्णय लागतो, आणि पराभूत झालेल्या रब्बी एलिएझर यांना बहिष्कृत केले जाते. त्यांच्या दुःखाने त्या वर्षीचे एक तृतीयांश ऑलिव्ह, एक तृतीयांश गहू आणि एक तृतीयांश जव करपून गेले, असे ताल्मुद सांगतो. निर्णय चुकला असे तो म्हणत नाही. निर्णय देताना एका माणसाला जे सोसावे लागले त्याची किंमत पिकांनी मोजली, असे म्हणतो.

यहुदी ग्रंथांतल्या उताऱ्यांचा हा संग्रह याच तीन गोष्टींच्या दरम्यान उभा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : यहुदी विचारात शांतता हा भाकरीच्या व्यवस्थेचा भाग आहे. पाणी आधी कुणी घ्यायचे, झाडाखाली पडलेले फळ कुणाचे, चाळणी कुणाला उसनी द्यायची, अशा बारीक प्रश्नांत ती ठरते. तिच्यातून जी बरकत येते तीही या बारीक तडजोडींमधूनच येते.

मुळे अर्थातच बायबलमध्ये आहेत. लेवीय ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात आज्ञापालनाचे फळ सांगितले आहे. पाऊस वेळेवर पडेल, मळणी द्राक्षांच्या हंगामापर्यंत चालेल, पोटभर खायला मिळेल, आणि त्यानंतर देशात शांतता नांदेल. अकराव्या शतकात फ्रान्सातल्या त्र्वा गावी भाष्य लिहिणाऱ्या राशींना हा क्रम लक्षणीय वाटला. खाणेपिणे सगळे असले तरी शांतता नसेल तर काहीच नाही, हे जुने विवरण त्यांनी तिथे उद्धृत केले. स्तोत्रसंहितेतल्या १४७व्या स्तोत्रात सीमेवरची शांतता आणि उत्तम गव्हाने होणारी तृप्ती एकाच चरणात येतात, आणि राव येहुदांनी आपल्या म्हणण्याला आधार घेतला तो याच चरणाचा.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जखऱ्या. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभारत होते, तेव्हाचा हा संदेष्टा. आठव्या अध्यायात तो त्यांना मागच्या दिवसांची आठवण करून देतो. माणसाला मजुरी नव्हती, जनावरालाही नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याला सुरक्षितता नव्हती, आणि जो तो शेजाऱ्याच्या विरुद्ध उभा होता. आता मात्र पेरणी शांततेत होईल, वेल फळ देईल, आकाश दव देईल. मजुरी नसणे आणि शेजाऱ्याशी वैर असणे ही त्याच्या लेखी दोन संकटे नाहीत, एकाच संकटाची ही दोन रूपे आहेत. आधुनिक अर्थशास्त्राला हे सांगायला पुष्कळ पाने लागली असती. यिर्मया या संदेष्ट्याचे पत्र वेगळ्या परिस्थितीतले आहे. बाबेलला नेलेल्या लोकांना तो लिहितो की घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण तुमचे कल्याण त्यातच आहे. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे परक्यांच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या समाजाने हे पत्र जवळ बाळगले.

इसवी सन ७०मध्ये रोमनांनी मंदिर पाडले, १३५मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखालचे यहुद्यांचे बंड चिरडले गेले. या पराभवानंतर गालीलमध्ये रब्बींनी तोंडी परंपरा एकत्र केली आणि इसवी सन २००च्या सुमारास रब्बी येहुदा हा-नासी यांनी मिश्नाचे संपादन पूर्ण केले. राज्य नाही, मंदिर नाही, जमीन हातची जात चाललेली. या स्थितीत शांततेचा विचार राजवाड्यातून निघून पाणवठ्यावर आला. गित्तीन हा खरे तर घटस्फोटाच्या कागदपत्रांविषयीचा भाग, पण त्याच्या पाचव्या प्रकरणाच्या शेवटी शांततेच्या मार्गासाठी केलेल्या नियमांची मालिका आहे. पाटाला जो हौद जवळ तो आधी भरावा. दुसऱ्याने लावलेल्या सापळ्यात किंवा जाळ्यात सापडलेला पक्षी, प्राणी, मासा कुणी उचलू नये. गरीब माणूस ऑलिव्हच्या शेंड्यावर चढून फळे झोडपत असेल तर खाली पडलेली फळे दुसऱ्याने घेणे ही लूट समजावी. काटेकोर कायद्याने पाहिले तर त्या गरिबाच्या हाती ती फळे अजून आलेली नाहीत, त्यामुळे मालकी सिद्ध होत नाही. तरी तो झाडावर आहे, खाली उतरायला त्याला वेळ लागणार, आणि ज्याचे पाय जमिनीवर आहेत त्याने ते लाटू नये. शेतात राहिलेला सरवा वेचायला परधर्मी गरीब आले तर त्यांनाही अडवू नये. शेत पडीक ठेवायच्या सातव्या वर्षी एखादी शेजारीण नियम पाळत नसावी असा संशय असला, तरी तिला चाळणी, सूप, जाते, चूल उसनी द्यावी. तिच्यासोबत दळू मात्र नये. आपली श्रद्धा राखायची आणि शेजारणीची चूलही पेटती ठेवायची, याची सीमारेषा इतक्या नेमकेपणाने आखलेली मला दुसरीकडे दिसलेली नाही.

मिश्नाचा समारोपही याच विचारावर होतो. उक्त्सीन या शेवटच्या भागाच्या अखेरीस रब्बी शिमोन बेन हलाफ्ता यांचे मत येते की इस्राएलसाठी बरकत धरून ठेवील असे शांततेखेरीज दुसरे पात्र देवाला सापडले नाही. इथे शांतता बरकत निर्माण करत नाही. आलेली बरकत सांडू नये म्हणून ती आहे.

बाबेलच्या ताल्मुदात हा विचार आणखी जमिनीवर उतरतो. शब्बाथ या भागात प्रश्न येतो की एखाद्याकडे एकाच दिव्याच्या तेलापुरते पैसे आहेत आणि हनुक्का हा दिव्यांचा सण चालू असताना शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवसाची सुरुवात, आली, तर त्याने काय करावे? सणाचा दिवा लावावा की घरातला शब्बाथचा दिवा? उत्तर देणारे पुन्हा तेच माहोझाचे रावा. घरातला दिवा आधी, कारण घरातल्या शांततेला तो हवा, लोक अंधारात धडपडू नयेत. सणामागच्या चमत्काराची आठवण थांबू शकते, घरातला उजेड थांबू शकत नाही. बाराव्या शतकात धर्मशास्त्रकार मायमोनिडीस यांनी आपल्या संहितेतले हनुक्काचे प्रकरण याच निर्णयावर आणि शांततेच्या थोरवीवर संपवले.

यापुढे या विचाराला अनेक फाटे फुटले. नवख्या वाचकाने त्यांतले तीन ध्यानात ठेवले तर पुष्कळ आहे.

पहिला न्यायशास्त्राचा. एका गल्लीत गिरणी आहे, तिथे दुसऱ्याने गिरणी घातली तर पहिल्याला अडवता येते का? राव हुना म्हणतात येते, कारण त्याच्या पोटावर पाय पडतो. ताल्मुदातले इतर मतप्रवाह स्पर्धेला वाट देतात, आणि पुढचा कायदा बराचसा त्याच बाजूने गेला. शिक्षकांच्या बाबतीत तर स्पर्धा स्वागतार्हच मानली, तिने ज्ञान वाढते म्हणून. खाटकांचीही एक गोष्ट आहे. त्यांनी आपापसांत वार वाटून घेतले आणि दुसऱ्याच्या वारी जो जनावर कापील त्याचे कातडे फाडायचे ठरवले. एकाने करार मोडला, इतरांनी कातडे फाडले, आणि प्रकरण रावांपुढे आल्यावर त्यांनी फाडणाऱ्यांनाच भरपाई द्यायला लावली. गावात जाणता माणूस असताना त्याच्या संमतीवाचून असे करार चालत नाहीत, हा त्यातून निघालेला नियम. व्यापाऱ्यांचा आपसातला सलोखा गिऱ्हाइकाविरुद्धचा कट होऊ शकतो, ही जाण त्यामागे आहे. मध्ययुगात ऱ्हाइनकाठच्या यहुदी वस्त्यांनी हाच धागा पुढे नेला. बाहेरून येऊन वस्ती करणाऱ्यांवर मर्यादा घातल्या, आणि एका व्यापाऱ्याचे बांधलेले गिऱ्हाईक दुसऱ्याने फोडू नये असे संकेत ठरवले. ते नेहमी न्याय्य होते असे मी म्हणणार नाही. आतल्यांच्या शांततेची किंमत बाहेरच्या गरिबाने मोजली, असेही घडले.

याच शाखेत एक मूलभूत वाद आहे. शांततेच्या मार्गासाठी केलेले नियम शेजाऱ्यांचा रोष नको म्हणून पत्करलेली सावधगिरी आहेत की मूळ धर्मतत्त्व? दोन्ही वाचनांना आधार आहे, आणि दुर्बळ अल्पसंख्याकांनी सावधगिरी बाळगली यात नवल नाही. पण मायमोनिडीस यांनी परधर्मी गरिबांना पोसण्याचा नियम सांगताना त्याला जोड दिली ती परमेश्वर सर्वांशी भला आहे या स्तोत्रवचनाची. मी त्यांच्या बाजूचा आहे. त्यांच्याच दानधर्माच्या नियमांत दानाच्या आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज देणे, भागीदारीत घेणे किंवा काम मिळवून देणे, म्हणजे त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. मायमोनिडीस यांना व्यापारातली जोखीम घरातूनच ठाऊक होती. त्यांचा भाऊ दाविद रत्नांचा व्यापारी होता, तो हिंदी महासागरात बुडाला, आणि त्याच्यासोबत कुटुंबाचे व इतरांचेही धन गेले.

दुसरा फाटा गूढवाद्यांचा. तेराव्या शतकात कास्तीलमध्ये योसेफ गिकातिया यांच्यासारख्या कब्बालावाद्यांनी ईश्वरी शक्तीच्या दहा रूपांची मांडणी केली. वरून येणारे वैपुल्य ज्या रूपातून जगात उतरते त्याच्या नावांत त्यांनी शांततेचे नाव घातले. भांडण म्हणजे ती वाट बुजणे. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसीद पंथ उभा राहिला तेव्हा ही कल्पना खेड्यापाड्यांतल्या गरीब भाडेकऱ्यांपर्यंत, फेरीवाल्यांपर्यंत पोचली. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०) शिकवत की माणसाकडे येऊ घातलेले धन रागाने बिघडते. आजच्या पुस्तिकांमधला बराच मजकूर या प्रवाहातून येतो. या प्रवाहाविषयी मला आदर आहे. दिवसभराच्या कमाईची चिंता डोक्यावर असताना जिभेला आवर घालायचे बळ त्याने असंख्य माणसांना दिले. मात्र पाणवठ्याचे आणि सरव्याचे नियम गाळून तो एकटाच हाती घेतला की त्याचा ताईत होतो.

तिसरा नीतिकारांचा, त्यातली एकच व्यक्ती इथे घेतो. रादीन या लहान गावात राहणारे रब्बी यिस्राएल मेइर कागान यांनी १८७३मध्ये निंदेविषयीच्या नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या पुस्तकाच्याच नावाने, हाफेत्स हायिम म्हणून, ते ओळखले जाऊ लागले. कारागिराच्या हाताला किंवा दुकानदाराच्या मालाला नावे ठेवून त्याचे गिऱ्हाईक तोडणे हे त्यांच्या लेखी पोटावर मारणे होते. त्याच वेळी, कुणी एखाद्या लबाडाशी भागीदारी करायला निघाला असेल तर त्याला सावध करणे कर्तव्य ठरते, आणि त्याच्या अटी त्यांनी तपशिलाने घालून दिल्या. शांततेच्या नावाखाली फसवणुकीवर पांघरूण घालायची मुभा या परंपरेत नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी सांगितले.

घरातल्या शांततेचा आदर्श स्त्रियांवर उलटवला गेला, याचाही उल्लेख इथेच हवा. मारहाण होत असलेल्या बाईला घरातली शांतता मोडू नकोस म्हणून परत पाठवले गेले, अशी उदाहरणे यहुदी समाजातही आहेत, आणि गेल्या काही दशकांत यहुदी स्त्रियांनी व अनेक रब्बींनी त्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. रावांचा सल्ला पुरुषांना होता. मान राखायची जबाबदारी त्यांनी ज्याच्या हातात पैसा आणि सत्ता होती त्याच्यावर टाकली होती. ती उचलून बाईच्या खांद्यावर ठेवणे म्हणजे त्या पानाचा विपर्यास आहे.

मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत, बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत असत. शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. एका दिवसाचे काम सोडूनही धंदा टिकला, तो शेजाऱ्यांनी तो दिवस त्यांचा म्हणून मान्य केला म्हणून. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर ही त्यांची आडनावेच सांगतात की गाव त्यांचे होते. त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. त्यांनी १७९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पहिले सिनेगॉग बांधले. आजही बेने इस्राएल घरांत पोहे, नारळ, फळे मांडून एलियाहू संदेष्ट्याचे नाव घेत मलिदा नावाचा विधी होतो. यहुदी जगात फार थोड्या समाजांची आठवण छळाच्या कथांवाचून आहे, आणि त्यांतला हा एक मराठी बोलणारा आहे. गालीलच्या रब्बींनी जे नियमाने घडवायचा प्रयत्न केला ते अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, बहुधा त्या नियमांची माहितीही नसताना, रोजच्या व्यवहारातून घडले. आणखी एक दुवा वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथल्या हिरे बाजारात पालनपुरी जैन व्यापारी सौदा पक्का करताना मझाल, म्हणजे हिब्रूत नशीब, असे म्हणतात. अँटवर्प आणि न्यूयॉर्कच्या यहुदी हिरे व्यापाऱ्यांकडून आलेली ही रीत आहे. तंटा झाला तर कोर्टाऐवजी आधी व्यापारातल्याच पंचांकडे जायचे, हा त्या बाजारांचा दंडकही यहुदी लवादाच्या जुन्या सवयीशी जुळणारा आहे.

हे आत्ताच का वाचायचे? ऑक्टोबर २०२३मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर इस्राएलच्या दक्षिण सीमेवरच्या किबुत्झांची, म्हणजे सामुदायिक वसाहतींची, शेते ओस पडली. पाठोपाठच्या युद्धात गाझामधली शेती, मासेमारी, बाजार उद्ध्वस्त झाले आणि लाखो माणसांवर उपासमारीची वेळ आली. वेस्ट बँकेतून रोज कामाला जाणाऱ्या पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबले, त्यांच्या जागी भारतातूनही बांधकाम मजूर नेले गेले. या काळात यहुदी शिकवणीतल्या शांततेवर पुस्तक काढायचे आणि याकडे पाठ फिरवायची, हे मला जमणार नाही. परधर्मी गरिबाला सरवा वेचू द्या, असे सांगणारी मिश्ना पराभवाच्या आणि कडवटपणाच्या काळात, रोमन साम्राज्याच्या टाचेखाली रचली गेली. तेव्हा तो नियम सोपा नव्हता. आज हाती सैन्य आणि राज्य असताना तो कसा वाचायचा, यावर इस्राएलमध्ये आणि बाहेर यहुदी विचारवंतांत तीव्र मतभेद आहेत. तो वाद या परंपरेच्या आतला आहे, आणि मराठी वाचकाने तो आतून समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडेही या ग्रंथांना काम आहे. वाटणीवरून दुभंगलेली कुटुंबाची दुकाने, पाण्याच्या पाळीवरून फुटलेली गावे, कर्जाच्या ताणाने विस्कटलेले संसार आपल्याला अनोळखी नाहीत. राव पापांच्या मडक्याची म्हण विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

या संग्रहात बायबल, मिश्ना, ताल्मुद, मायमोनिडीस, कब्बाला, हसीद आणि नीतिग्रंथ यांतले निवडक उतारे मराठीत आणले आहेत आणि प्रत्येकाभोवतीची चर्चा उलगडली आहे. निवडीची कसोटी एकच ठेवली. ज्या उताऱ्यात शांततेचा उल्लेख आहे पण कुणाच्याही पोटापाण्याचा प्रश्न नाही, तो कितीही सुंदर असला तरी घेतला नाही. शांततेचे गोडवे गाणारे कितीतरी उतारे त्यामुळे बाहेर राहिले. उलट वजनमाप, मजुरी, भाडे, शेजारधर्म यांविषयीची रूक्ष वाटणारी पाने आत आली. परस्परविरोधी मते तशीच शेजारी ठेवली आहेत, कारण ताल्मुद त्यांना तशीच ठेवतो, आणि हरलेल्या बाजूचे म्हणणे नावानिशी जपतो. काळाच्या क्रमाने पाहता सुरुवात लेवीय ग्रंथाने व्हायला हवी होती. तरी पहिला उतारा गित्तीनमधला आहे, झाडाच्या शेंड्यावर चढलेल्या त्या गरीब माणसाचा. त्याची फळे आधी सुरक्षित झाली की मग माहोझाच्या सधन व्यापाऱ्यांना दिलेला सल्ला वाचायला हरकत नाही.